पारा गेला, आता पॅलेडियमची पाळी

रक्तदाबासाठी लोसार्टनची गोळी घेणारे आपल्याकडे घरोघरी सापडतील. या रेणूत बेंझीनची दोन कडी एकाच बंधाने जोडलेली आहेत. कागदावर ती रेघ कोणीही ओढेल. प्रयोगशाळेत मात्र दोन कार्बन नेमके हव्या त्या जागी जोडणे फार काळ जिकिरीचे होते. ते सोपे केले पॅलेडियमने.

सुरुवात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टनच्या हर्क्युलिस कंपनीत झाली. तिथल्या रिचर्ड हेक यांनी 1968 मध्ये पॅलेडियमने कार्बन जोडण्यावर लागोपाठ सात शोधनिबंध छापले, सगळे एकट्याच्या नावावर. पण त्यासाठी लागत पाऱ्याची विषारी संयुगे. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेल्यावर, 1972 मध्ये, त्यांनी पारा वगळून आयोडीनची संयुगे वापरली. (जपानच्या त्सुतोमु मिझोरोकी यांनी हे वर्षभर आधी साधले होते.) माझ्या मते खरे काम हेच. नवी अभिक्रिया शोधली की शोधनिबंध होतो. तिच्यातले नको ते काढले की कारखाना चालतो.

पारा गेल्यावर जोडीला आला बोरॉन. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राऊन यांच्याकडे बोरॉनचे धडे गिरवलेल्या अकिरा सुझुकी यांनी 1979 मध्ये जपानमध्ये पॅलेडियम आणि बोरॉन मिळून कार्बन जोडण्याची पद्धत बसवली. पॅलेडियमचा अणू कार्बन आणि ब्रोमीन यांच्यामध्ये शिरतो. बोरॉनवरचा दुसरा कार्बन त्याच अणूवर येतो. शेजारी आलेले दोन्ही कार्बन एकमेकांना जोडून सुटतात आणि पॅलेडियम पुन्हा कामाला मोकळा होतो. म्हणून तो चिमूटभर पुरतो. लोसार्टनचा शोध विल्मिंग्टनच्याच ड्यूपाँट कंपनीचा. मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये त्याची दोन कडी सुझुकींच्या पद्धतीने जोडून दाखवली.

हेक यांना मात्र संशोधनासाठी पैसा मिळेनासा झाला आणि 1989 मध्ये ते निवृत्त झाले. याच क्षेत्रात काम केलेले नेगिशी आणि सुझुकी यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले 2010 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी.

आता नको झाला आहे तो खुद्द पॅलेडियम. तो महाग आहे, आणि पोटात घेण्याच्या औषधांतून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्याने तो त्या मर्यादेखाली येईपर्यंत गाळत बसावे लागते. म्हणून अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळा निकेल, तांबे आणि लोखंडाकडे वळल्या आहेत. निकेल स्वस्त, पण विषारी. लोखंड निर्धोक, पण हव्या त्या बंधासाठी सहज वळत नाही. तूर्त औषध कारखान्यांतून पॅलेडियम हललेला नाही.