कुरमुऱ्यांचे पंख

अशी कल्पना करा की, बर्फाळ डोंगरात वाट चुकलेला एक गिर्यारोहक दोन दिवस एका कपारीत अडकून पडला आहे. पाय मुरगळला आहे, पिशवीतला शेवटचा घास कालच संपला. सोडवायला माणसे निघाली आहेत, पण ती पोचेपर्यंत धीर धरायचा कशावर? इतक्यात घरघर करीत एक चिमुकले विमान येते, शेजारी उतरते, आणि हा गृहस्थ त्याचा पंख मोडून चक्क खाऊ लागतो!

ही थाप नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी जे तंत्रविद्यापीठ आहे, तिथे दारिओ फ्लोरेआनो यांच्या प्रयोगशाळेने असे वैमानिकाविना उडणारे विमान, म्हणजे ड्रोन, खरोखरच बनवले. २०२२ साली जपानात क्योतो येथे भरलेल्या यंत्रमानव-परिषदेत त्यावरचा निबंधही सादर झाला.

आता तुम्ही म्हणाल, खाऊ धाडायचा तर विमानात भरून धाडावा, विमानच कशाला खायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वजनात आहे. साधारण ड्रोन स्वतःच्या वजनाच्या १० ते ३० टक्के एवढेच ओझे नेऊ शकते. म्हणजे एक किलोचे ड्रोन फार तर पाव किलोच्या आसपास अन्न नेणार, आणि बाकीचा सगळा खटाटोप स्वतःचा सांगाडा वाहून नेण्यासाठी. बरे, अशा अवघड जागी गेलेले यंत्र परत येईल याचीही खात्री नाही. मग सांगाड्याचेच अन्न केले तर? लोझानच्या विमानात निम्मे वजन खाण्याजोगे निघाले.

पण पंख कशाचा करायचा? तो हलका हवा, ताठ हवा, हवा तसा कापता यायला हवा. खेळण्यातली विमाने ज्या फेसाळ प्लॅस्टिकची करतात, तितकाच हलका पदार्थ शोधता शोधता ही मंडळी येऊन पोचली फुगवलेल्या तांदळाच्या चकत्यांपाशी. म्हणजे आपल्या कुरमुऱ्यांच्या गोत्रातलीच वस्तू! कुरमुऱ्याचा दाणा फुगतो तो आतल्या वाफेने, आणि मग त्यात तांदूळ थोडा नि हवाच फार उरते. या गोल चकत्या लेसर किरणांनी षट्कोनी कापल्या, म्हणजे पोळ्यातल्या घरांसारख्या एकमेकींना बिनफट चिकटून बसतात. चिकटवायला जिलेटिन. कुरमुऱ्यांच्या लाडवात गुळाचा पाक जे काम करतो, तेच इथे जिलेटिन करते.

पंखाची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ६८ सेंटिमीटर. ती ठरवताना हवेबरोबर माणसाच्या पोटाचाही हिशेब केला होता, कारण पंखातून सुमारे ३०० उष्मांक, म्हणजे एका न्याहारीपुरते अन्न, मिळायला हवे होते. वेग सेकंदाला दहा मीटर. शिवाय ८० ग्रॅम पाणीही ते नेऊ शकते. चव विचाराल तर कुरकुरीत तांदळाची, वर कच्च्या जिलेटिनचा किंचित वास.

या विमानाचा खरा शत्रू मात्र आपल्या घराघरातल्या बायकांना पक्का ठाऊक आहे. तो म्हणजे दमट हवा. सादळलेल्या कुरमुऱ्यांचा चिवडा होत नाही, तसे सादळलेल्या पंखाने उडणेही होत नाही. म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे वेष्टन चढवावे लागते. म्हणजे केळ्यासारखे विमान आधी सोलायचे, मग खायचे! आणखी एक अडचण मला दिसते. जिलेटिन होते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून, तेव्हा ते न चालणारी माणसे पुष्कळ निघतील. गुळाचा पाक वापरावा म्हटले तर तो जड, आणि ओल तर स्वतःच ओढून घेणारा.

मोटर, बॅटरी, शेपूट हे भाग अजून नेहमीचेच आहेत. इटलीत मिलान येथील शास्त्रज्ञांनी २०२३ साली खाता येणारी बॅटरी केली खरी. तिच्यात बदामातही असणारे ‘ब’ वर्गातले एक जीवनसत्त्व, लाकडी कोळशासारखी खाण्याजोगी भुकटी, समुद्रशेवाळ, मधमाश्यांचे मेण असा सगळा मुदपाकखाना आहे. पण तिचा दाब ०.६५ व्होल्ट, आणि प्रवाह इतका नाममात्र की विमानाचा पंखा त्यावर हलायचासुद्धा नाही. तेव्हा आपल्या गिर्यारोहकाने तूर्त पंख तेवढे खावेत, आणि मोटर, बॅटरी व शेपूट बाजूला काढून ठेवावी.