जुनी कोटा की नवी टाइल?

इंदूरच्या रामबागेतलं एखादं जुनं घर दुरुस्तीला काढलं, की वाद हमखास फरशीवरून होतो. कोटा ठेवायची की व्हिट्रिफाइड टाइल बसवायची?

कोटा हा राजस्थानातल्या कोटा-रामगंजमंडी भागातला चुनखडक. ऐन उन्हाळ्यातही तो पायाला गार लागतो. खरं तर फरशीचं आणि तिच्यावर ठेवलेल्या लाकडी पाटाचं तापमान जवळपास सारखंच असतं. दगड तळपायातली उष्णता झपाट्यानं ओढून घेतो, लाकूड सावकाश. हा गारवा फार मोलाचा आहे.

पण चुनखडकात आणि संगमरवरात असतं कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबाचा रस सांडला, की आम्ल दगडाचा पृष्ठभागच खातं. उरलेला फिकट ठिपका म्हणजे डाग नव्हे, झीज. तो पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइटला ही भीती नाही, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याला तोच बरा. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, पण गुळगुळीत टाइल ओली झाली की घसरते. न्हाणीघरात खरखरीतच घ्या.

माझं मत विचाराल, तर धड असलेली कोटा उखडू नका, घासून पॉलिश करा.

तळमजला नव्यानं करत असाल तर आधी जमीन बघा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची फरशी तडकते. ती माती काढून मुरूम भरा, नीट ठोकून घ्या. टाइल बसल्यावर प्रत्येकीवर नाण्यानं वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर मिस्त्री असतानाच ती काढून पुन्हा बसवून घ्या.