अवजड चाकांचा समतोल

नागपूरहून बैतूलकडे निघालेला महामार्ग पांढुर्ण्यावरून आणि छिंदवाड्याकडे निघालेला सौसरवरून जातो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशात राहिले, आणि 2023 साली त्यांचाच स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी इथली संत्री, कापूस आणि बोरगावच्या कारखान्यांचा माल यांचा ओढा पूर्वीप्रमाणेच दक्षिणेकडे राहिला. हा सारा व्यवहार मालमोटारींच्या चाकांवर चालतो, आणि त्या चाकांच्या समतोलाची विद्या रस्त्याकाठच्या टायरच्या दुकानांतून जोपासली जाते.

रस्ता अरुंद व खड्ड्यांचा होता, तोवर चाकाचा दोष त्याच्या धक्क्यांत लपून जाई. चौपदरी मार्ग झाला, वेग वाढला आणि तोच दोष उघडा पडला. 10.00-20 मापाच्या टायरच्या बाह्य परिघाशी एका बाजूस केवळ 100 ग्रॅम वजन अधिक असेल, तर ताशी 40 किलोमीटर वेगात ते दोन किलोंहून थोड्या अधिक बलाने चाकाला बाहेर ओढते. परंतु हे केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 80 किलोमीटरला तीच ओढ नऊ किलोंच्या घरात जाते आणि चाकाबरोबर सेकंदाला जवळजवळ सात वेळा फिरत राहते. तिचा मार बेअरिंग, किंगपिन आणि चालकाचे मनगट या तिघांनाही सोसावा लागतो.

असमतोल दोन प्रकारचा असतो. पहिल्यात चाक वरखाली उसळते. ते अक्षावर मोकळे फिरू दिले की जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते, आणि जुने कारागीर तिच्या बरोबर समोर खडूची खूण करून तिथे शिशाचे वजन बसवीत. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या आतील व बाहेरील अंगांचे भार परस्परविरुद्ध बाजूंना असतात, त्यामुळे उभ्या चाकाला कोणतीच बाजू जड नसते, पण फिरू लागताच ते डावीउजवीकडे डुलते आणि स्टीअरिंग थरथरते. हा दोष खडूला सापडत नाही. त्यासाठी यंत्रच लागते. रिमसह शंभर किलोंच्या आसपास भरणारे चाक आडव्या दांड्यावर चढवून, रिमचा व्यास व रुंदी सांगून ते फिरवले, की आधारांतील कंपनमापक आतल्या आणि बाहेरच्या कडेला किती वजन नेमके कोठे ठोकायचे ते दाखवतात. ठोकून झाल्यावर चाक पुन्हा फिरवायचे; आकडा शून्यावर आला तरच काम झाले.

माझ्या मते या विद्येचा खरा कस यंत्रावर चढवण्याआधीच लागतो. वाकलेला रिम, झिजलेला किंगपिन, ढिले बेअरिंग किंवा गोलाई हरवलेला टायर यांवर वजन ठोकणे हा निव्वळ देखावा होय, आणि प्रामाणिक कारागीर तसे स्पष्ट सांगून गिऱ्हाईक परत पाठवण्याचे धैर्य दाखवतो. सौसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणाऱ्या सिल्लेवानी घाटासारख्या उतारावर करकचून ब्रेक लागून चाक घासत गेले, तर टायरला एके ठिकाणी सपाटी येते. रिमोल्ड केलेल्या टायरमध्ये रबर सर्वत्र सारखे बसतेच असे नाही. रिमच्या आत वाळलेला चिखलही शिशाच्या दोनचार तुकड्यांचा हिशेब चुकवतो. म्हणून चाक प्रथम खरवडून, धुऊन स्वच्छ करणे हे कंटाळवाणे परंतु अनिवार्य कर्म आहे.

पुष्कळ मालक या खर्चाला अनावश्यक समजतात, कारण मागील जोडचाकांचा दोष भाराखाली फारसा जाणवत नाही. पुढच्या चाकांबाबत मात्र ही काटकसर महाग पडते: टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो आणि वेळेआधी उतरवावा लागतो. निदान पुढील दोन चाके तरी नवा टायर चढवताना आणि पंक्चर काढल्यावर यंत्रावर तपासून घ्यावीत, आणि चाक पुन्हा गाडीला लागल्यावर नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळून थोड्या अंतराने पुन्हा तपासावेत.