ॲप बनवून घेताय? शेवटचा हप्ता देण्याआधी हे तपासा

समजा, गडमुडशिंगीतल्या तुमच्या दुकानासाठी बिलिंग ॲप बनवून घेताय. डेव्हलपर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. बरेच तयार तुकडे, म्हणजे पॅकेजेस, नेटवरून घेतो. ते जोडून चालणारं ॲप तयार करणं म्हणजे ‘बिल्ड’. बिल्ड चालू असताना नेट लागावं का? माझं उत्तर : नाही.

२२ मार्च २०१६ ला ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून टाकलं आणि जगभरात बिल्ड धडाधड फेल झाले. डेबियन लिनक्समध्ये तर नियमच आहे : मुख्य संग्रहातल्या पॅकेजने बिल्ड होताना नेटवर जायचं नाही.

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टी पेटल्यावर कोणी कच्चा माल शोधायला जातं का? माल आधी आणायचा, तपासायचा, मगच भट्टी!

डेव्हलपरला तीन गोष्टी विचारा :
१. पॅकेजेसची व्हर्जन्स लॉक केलीत का?
२. त्यांची कॉपी आपल्याकडे आहे का?
३. नेट बंद करून बिल्ड करून दाखवाल का?

हां, सिक्युरिटी अपडेट्स मग आपोआप येणार नाहीत. ते ठरवून, तपासून घ्यावे लागतील. तेवढं काम वाढतं, पण उद्या डेव्हलपर बदलला तरी धंदा अडत नाही.