हुकूम देणारा माणूस : विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेममधील सेनानी

कादंबरीतला सेनापती खोटा वाटला तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. व्हिडिओ गेममध्ये हे इतके सोपे नसते, कारण तिथे सेनापती पुष्कळदा खेळणारा स्वतःच असतो. शिवाय विज्ञानकथेतले सैन्य कोणी पाहिलेले नाही. दोनशे वर्षांनंतरच्या अंतराळयानाचा कप्तान कसा बोलेल, कसा वागेल, हे पडताळण्याची सोय नाही. तरीही खेळता खेळता एखाद्या सेनानीवर आपला विश्वास बसतो आणि दुसरा, अंगावर तोच गणवेश आणि तसाच भारदस्त आवाज असूनही, पुठ्ठ्याचा वाटतो. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : सेनानी खरा वाटण्यासाठी तीन अटी लागतात. त्याचा हुकूम दुसऱ्या कोणाला तरी पाळावा लागला पाहिजे, दिलेला हुकूम मागे घेता येता कामा नये आणि त्या हुकुमाचा जाब विचारणारे कोणीतरी असले पाहिजे. व्हिडिओ गेमच्या स्वभावाला या तिन्ही अटी मानवत नाहीत. म्हणूनच ज्या थोड्या खेळांनी त्या अंशतः का होईना पाळल्या, ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

पंच आणि नकाशा

मजेची गोष्ट अशी की युद्धाचा खेळ जेव्हा सैनिकी शिक्षणासाठी रचला गेला, तेव्हा या अडचणी त्यात जवळजवळ नव्हत्या. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ याने १८२४ साली आपला ‘क्रीगश्पील’ वरिष्ठांपुढे मांडला. त्यात खरा नकाशा होता, सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे होते आणि मधोमध एक पंच होता. खेळणाऱ्या अधिकाऱ्याने ठोकळा स्वतः हलवायचा नसे. त्याने लेखी हुकूम पंचाकडे द्यायचा. तो हुकूम तुकडीपर्यंत केव्हा पोचेल आणि त्यातून काय निष्पन्न होईल, हे पंच फाशांच्या आणि नियमांच्या आधारे ठरवी. शत्रूची तुकडी आपल्या माणसांच्या दृष्टिपथात आल्याशिवाय नकाशावर मांडली जात नसे.

म्हणजे सेनापतीच्या कामाचे मर्म या खेळाने बरोबर पकडले होते : अपुरी माहिती, उशिरा पोचणारा हुकूम आणि दुसऱ्याच्या हातात असलेली अंमलबजावणी. आजच्या संगणकीय खेळाने या तिन्ही गोष्टींना बहुधा निरोप दिला. बटण दाबताच सैनिक धावतो आणि पसंत पडले नाही तर मागची नोंद उघडून लढाई पुन्हा सुरू करता येते. खेळ म्हणून हे सोयीचे आहे, पण त्यातून सेनापती उभा राहत नाही.

आघाडीवर कोणी असावे?

ब्रिटिश युद्धेतिहासकार जॉन कीगन याने ‘द मास्क ऑफ कमांड’ (१९८७) या ग्रंथात अलेक्झांडर, वेलिंग्टन, ग्रँट आणि हिटलर या चौघांच्या सेनापतित्वाचा विचार केला आहे. त्यातला एक कळीचा प्रश्न असा की सेनापतीने आघाडीवर नेहमी असावे, कधीकधी असावे की कधीच असू नये? हा प्रश्न मराठी वाचकाला अनोळखी नाही. पानिपतावर विश्वासराव पडल्यानंतर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून रणात घुसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

व्हिडिओ गेमने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकले आहे : नेहमी. बंदूक खेळणाऱ्याच्या हातात असते आणि खेळणारा नायक असतो, म्हणून नायक कप्तान असला तरी प्रत्येक चकमकीत तोच पुढे. कॅनडातील बायोवेअर या कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ (२००७) या खेळातला कमांडर शेपर्ड ‘नॉर्मंडी’ या यानाचा प्रमुख आहे. पण प्रत्येक ग्रहावर दोन सोबती घेऊन तो स्वतःच उतरतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी : इन्फिनिट वॉरफेअर’ (२०१६) मध्ये कप्तान मरण पावल्यावर निक रेयेसकडे ‘रिट्रिब्यूशन’ या युद्धयानाची सूत्रे येतात. त्यानंतरही लढाऊ विमान तोच उडवतो आणि शत्रूच्या यानात तोच शिरतो. ज्याच्या मृत्यूने शेकडो माणसे नेतृत्वहीन होतील, त्याने हे करावे, हे कुठल्याही नौदलाला पटणार नाही.

ही अडचण दूरदर्शन मालिकांनाही आली होती. ‘स्टार ट्रेक’मध्ये (१९६६) कप्तान कर्क अनोळखी ग्रहांवर स्वतः उतरत असे. तिचा निर्माता जीन रॉडनबेरी याने दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमाने चालवली होती. त्याने १९८७ साली पुढची मालिका काढली तेव्हा हे काम कप्तान पिकार्डकडून काढून त्याचा दुय्यम अधिकारी रायकर याच्याकडे दिले. कप्तानाने यान सोडू नये असे रायकर बजावून सांगतो. या एका बदलाने पिकार्डला विचार करायला, काळजी करायला आणि परतीची वाट पाहायला जागा मिळाली. कप्तानाचे बरेचसे काम म्हणजे वाट पाहणेच असते.

न दिसणारा ॲडमिरल

म्हणूनच गेममधील सर्वांत विश्वसनीय सेनानी बहुधा ते असतात, ज्यांच्या हाती बंदूक नसते. ‘मास इफेक्ट’मधला ॲडमिरल हॅकेट पहिल्या भागात जवळजवळ केवळ रेडिओवरचा आवाज आहे. लान्स हेन्रिक्सन या अभिनेत्याने तो कोरड्या, थकलेल्या सुरात दिला आहे. तिसऱ्या भागात (२०१२) शत्रूचा प्रचंड हल्ला होतो तेव्हा हॅकेट आपला दुसरा ताफा बळी देऊन उरलेले ताफे मागे काढतो. हे आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही, तो सांगतो तेवढेच कळते. त्याने ना गोळी झाडली ना भाषण केले. पण बेरीज-वजाबाकी करून हजारो माणसांना मरायला ठेवणारा माणूस कसा असतो, हे त्या काही वाक्यांत कळून जाते.

‘हेलो’ (२००१) मधला कप्तान कीज हाही असाच. खेळाच्या आरंभी त्याचे यान कोसळण्याच्या बेतात असताना तो नायकाला आपले पिस्तूल देतो. त्या पिस्तुलात गोळ्या नसतात. ते तो भरून ठेवत नाही. एवढ्या तपशिलाने समजते की हे शस्त्र त्याच्या कामाचे साधन नाही. त्याचे काम नियम पाळणे हे आहे. यानातील कृत्रिम बुद्धी आणि तिच्याजवळची पृथ्वीची माहिती शत्रूच्या हाती लागू नये, हा स्थायी आदेश तो सर्वांत आधी अमलात आणतो. पुढे शस्त्रसाठा मिळेल या समजुतीने तो आपल्या माणसांना घेऊन एका इमारतीत शिरतो आणि तिथे कोंडलेले भयंकर परजीवी मोकळे होतात. तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता, हाती होती त्या माहितीवर कोणीही तेच केले असते. त्याची किंमत मात्र त्याला आणि त्याच्या माणसांना मोजावी लागते.

चुकणारा सेनापती

माझ्या मते या प्रकारातला सर्वांत भक्कम नमुना बराच जुना आहे. ब्लिझर्ड कंपनीच्या ‘स्टारक्राफ्ट : ब्रूड वॉर’ (१९९८) मध्ये पृथ्वीहून एक मोहीम दूरच्या वसाहतींकडे येते. तिचा प्रमुख ॲडमिरल जेरार्ड ड्यूगाल आणि उपप्रमुख ॲलेक्सी स्टुकोव्ह हे जुने मित्र. प्रारंभीच्या चित्रफितीत एक मानवी ठाणे झर्ग नावाच्या कीटकसदृश शत्रूच्या लोंढ्यात बुडते आणि हे दोघे वरून, यानाच्या काचेआडून ते पाहतात. मदत पाठवत नाहीत. ड्यूगाल कोण आहे, हे पहिल्या काही मिनिटांतच ठरून जाते.

पुढे झर्गांचे आपसातले संदेशवहन बिघडवणारे एक यंत्र त्यांना सापडते. समीर दुरान नावाचा स्थानिक सेनानी ते नष्ट करण्याचा सल्ला देतो आणि ड्यूगाल तसा हुकूम देतो. स्टुकोव्हला तो पटत नाही. तो यंत्र गुपचूप वाचवून दुसरीकडे उभे करतो. ड्यूगालला हा विश्वासघात वाटतो. तो दुरानला पाठवतो आणि दुरान स्टुकोव्हला गोळी घालतो. मरता मरता स्टुकोव्ह सांगतो की खरा फितूर दुरान आहे. या मोहिमेत खेळणारा हा ड्यूगालच्या हाताखालचा एक निनावी कप्तान असतो, म्हणजे स्टुकोव्हला घेरणारे सैन्य आपणच नेलेले असते.

वरिष्ठाची अवज्ञा इतिहासात नवी नाही. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीची खूण आपल्याला दिसलीच नाही, असा बहाणा नेल्सनने केला. तो जिंकला म्हणून त्याची अवज्ञा शौर्यकथा झाली. स्टुकोव्हचेही बरोबरच होते, पण ते सिद्ध व्हायच्या आत तो मेला. ड्यूगालकडे दुष्टपणा नाही, अडाणीपणाही नाही. शिस्तीवरचा विश्वास आणि स्वतःच्या निर्णयाचा अभिमान हे सेनापतीचे गुणच त्याला खाली खेचतात. शेवटी मोहीम धुळीस मिळते. मित्राच्या मृत्यूला आपला गर्व कारण झाला, असे पत्नीला लिहून तो स्वतःवर गोळी झाडतो. त्याचे चित्रण आजच्या मानाने ओबडधोबड आहे, संवाद नाटकी आहेत. पण चुकीची माहिती, ठाम हुकूम आणि न पुसता येणारा परिणाम ही साखळी त्यात पूर्ण आहे.

माणसांची पारख

खेळणाऱ्यालाच सेनानी करायचे असेल तर? ‘मास इफेक्ट २’ (२०१०) च्या अखेरच्या मोहिमेने याचे एक चांगले उत्तर दिले आहे. तिथे शेपर्डला प्रत्येक टप्प्यावर एका सोबत्याकडे विशेष काम सोपवावे लागते : नळीतून आत शिरून यंत्रणा उघडणे, दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व करणे, सर्वांभोवती ऊर्जाकवच धरून ठेवणे. नळीच्या कामासाठी जेकब स्वतःहून पुढे होतो. धाडसी माणूस, पण ते काम तंत्रज्ञाचे आहे. त्याला पाठवले तर तो मरतो. मिरांडा म्हणते की कवच कोणीही तशा शक्तीचा माणूस धरू शकेल. तिच्यावर विसंबून तिलाच ते काम दिले तर दुसराच कोणी सोबती प्राणाला मुकतो.

म्हणजे कोण स्वतःबद्दल काय म्हणतो याला किंमत नाही, तुम्ही त्याला किती ओळखता याला आहे. ती ओळख आधीच्या कित्येक तासांत, यानात फिरून, एकेकाशी बोलून, त्यांच्या घरगुती भानगडी निस्तरून कमवावी लागते. नेम कितीही अचूक असला तरी इथे तो वाचवत नाही. तयारी फारच ढिसाळ असेल तर शेवटी शेपर्डही मरतो.

मागे न घेता येणारा हुकूम

तरीही इथे एक पळवाट उरते : मागची नोंद उघडली की मेलेला जिवंत. ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ (२०१२) या खेळाने ती वाट बंद करण्याची सोय दिली. परग्रहवासीयांशी लढणाऱ्या या दलाला पैसा पुरवणाऱ्या देशांत भारतही आहे. खेळणारा दलाचा ‘कमांडर’ असतो, पण त्याला चेहरा नाही, तो रणात उतरत नाही. मेलेला सैनिक कायमचा जातो आणि त्याचे नाव तळावरच्या स्मृतिभिंतीवर चढते. ‘आयर्नमॅन’ पद्धत निवडली तर एकच नोंद राहते, मागे जाता येत नाही. कथा अगदी जुजबी, संवाद सामान्य, पण सेनापतीचा एकाकीपणा मला याच खेळात सर्वांत जास्त जाणवला. सैनिकांना मित्रांची नावे देण्याची मुभा असल्याने त्या भिंतीकडे पाहणे आणखी कठीण जाते.

जाब

तिसऱ्या अटीपाशी मात्र जवळजवळ सगळे खेळ कच खातात. शिडांच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश नौदलाचा जो कप्तान आपले जहाज गमावी, त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागे. दोष असो वा नसो, घडले काय ते सांगावे लागे. ‘मास इफेक्ट २’च्या आरंभी नॉर्मंडी नष्ट होते, पण तिच्याबद्दल शेपर्डला कोणी न्यायासनापुढे उभे करत नाही. ‘अरायव्हल’ या जोडप्रकरणात (२०११) शत्रूला रोखण्यासाठी शेपर्ड एक प्रवासद्वार उडवतो आणि त्यात सुमारे ३ लाख परग्रहवासी मरतात. हॅकेट त्याला सांगतो की पृथ्वीवर येऊन याचा जाब द्यावा लागेल. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला शेपर्ड खरोखरच नजरकैदेत असतो, समितीपुढे उभा राहतो आणि काही क्षणांत आकाशातून शत्रू कोसळतो. समितीच मारली जाते. शेपर्डला हुद्दा परत मिळतो.

लेखकांनी प्रश्न नेमका ओळखला होता, उत्तर द्यायच्या वेळी त्यांनी छप्पर पाडले. असे का होते, हे समजण्यासारखे आहे. चौकशीच्या खोलीत बसून आपल्या हुकुमांची कारणे देणे यात गोळीबार नाही, वेग नाही. पण ३ लाखांच्या मृत्यूनंतर ती एक खोली जर खेळात असती, तर शेपर्डने आधी आणि नंतर केलेल्या प्रत्येक गोष्टीला वजन आले असते.

ऑर्सन स्कॉट कार्ड याच्या ‘एंडर्स गेम’ (१९८५) या कादंबरीत एका मुलाला सरावाचा खेळ म्हणून ज्या लढाया लढायला लावतात, त्या खऱ्या निघतात. आपण खरी माणसे मरायला पाठवली आणि एक वंश संपवला, हे त्याला जिंकल्यावर कळते. व्हिडिओ गेममध्ये उलट आहे. तिथे कोणीच मरत नाही हे खेळणारा जाणतो, आणि तरीही हुकूम देण्याआधी त्याचा हात थबकावा, एवढी करामत खेळाला साधायची असते. हुकूम म्हणजे काय, तो कोण देतो आणि कोण भोगतो, याचे पहिले चित्र आज अनेक मुलांच्या मनात याच पडद्यावरून उमटते. त्या चित्रातला सेनानी नेहमी स्वतःच पुढे धावणारा, कधीच न चुकणारा आणि कोणालाच उत्तर न देणारा असेल, तर त्याला केवळ करमणूक म्हणून सोडून देणे मला जमत नाही. ‘एक्सकॉम’मधली नावांची भिंत आणि ड्यूगालचे पत्नीला लिहिलेले पत्र हे दाखवतात की दुसरे चित्रही या माध्यमाला काढता येते.