बोरमाळेच्या मण्यात नेमकं असतं काय?

आजीची बोरमाळ हातात घेतली की ती दिसते त्यापेक्षा हलकी लागते. त्यात खोट नाही, ती कारागिरी आहे! 🌼

साधा हिशोब करू. ८ मिलिमीटरचा २२ कॅरटचा भरीव मणी सुमारे पावणेपाच ग्रॅमचा होईल. असे ३० मणी म्हणजे १४० ग्रॅम! म्हणून सोनार सोन्याचा पातळ पत्रा ठोकून अर्ध्या वाट्या करतो, दोन वाट्या डाग देऊन जोडतो आणि आत लाख भरतो. लाखेमुळे पातळ पत्र्याला आधार मिळतो, मणी सहज चेपत नाही.

पोकळ दागिना कसा ओळखाल?
🔸 आकाराच्या मानाने वजन कमी.
🔸 बारीक छिद्र किंवा जोडाची रेघ दिसते.
🔸 पोचा पडलेला असतो. भरीव दागिन्यावर सहसा ओरखडे येतात, खड्डे नाही.
🔸 चांदीचे पोकळ वाळे टिचकीला बोदा आवाज देतात.

हॉलमार्क शुद्धता सांगतो, भरीवपणा नाही. '२२के९१६' म्हणजे सोनं ९१.६ टक्के, एवढंच. पाण्यात बुडवून घनता मोजण्याची युक्तीही इथे फसते, कारण आतली हवा किंवा लाख हिशोब बिघडवते.

घेताना सोन्याचं निव्वळ वजन आणि लाखेचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. लाखेचा दागिना गरम पाण्यात कधीच धुऊ नका. उष्णतेने लाख मऊ होते.

तुमच्या घरी जुनी बोरमाळ आहे? मण्याचं छिद्र एकदा निरखून पाहा!