कराओकेची पट्टी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

निवृत्तीचा निरोप असो, कॉलनीतला गणपती असो की बारशाची संध्याकाळ. अमरावती-अकोल्यात आता जेवणाआधी चाकांचा एक स्पीकर येतो. मोबाइलवर गाण्याचे शब्द सरकू लागतात, माइक हातोहात फिरतो आणि मंडळींचे दोन गट पडतात. एक गट माइक सोडत नाही. दुसरा माइक जवळ येताना दिसला की पाणी आणायला उठतो. ‘म्हन ना भाऊ, काऊन लाजतं?’ असा आग्रह झाला की उत्तर ठरलेलं: ‘मले नाई येत बावा गाता.’ या उत्तरामागं काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज १: कराओके चांगलं गाणाऱ्यांसाठी असतं.

वस्तुस्थिती: ते जन्मलंच मुळी हौशी गिऱ्हाइकासाठी. जपानीत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं आखूड रूप. कोबे शहरातल्या बारमध्ये दाइसुके इनोउए गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करत. एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं आणि साथीला इनोउएच हवे होते. त्यांना जाता येईना, म्हणून त्यांनी त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ साली नाणं टाकून चालणारं यंत्र तयार झालं. इनोउएंनी पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्यांना गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं, तेही शांततेचं: माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवल्याबद्दल. शेजाऱ्यांना यातलं मर्म लगेच कळेल.

गैरसमज २: मी जन्मजात बेसुरा आहे.

वस्तुस्थिती: असे लोक फार थोडे. सुरांमधला फरकच न कळण्याच्या जन्मजात स्थितीला अम्यूझिया म्हणतात. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ती सुमारे दीड टक्का लोकांत आढळली. म्हणजे शंभर पानांच्या पंगतीत एखाद-दुसरा. बाकीच्यांना दुसऱ्याचा चुकलेला सूर बरोबर टोचतो. त्यांचा कान शाबूत असतो. ऐकलेला सूर गळ्यातून नेमका काढायचा सराव तेवढा नसतो. घाईही नडते. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हौशी माणसांना ओळखीचं गाणं सावकाश म्हणायला लावलं, तेव्हा बऱ्याच जणांचे घसरलेले सूर जागेवर आले. पण शाळेच्या समूहगीतात ‘तू नुसते ओठ हलव’ असं ऐकलेलं पोर पुढं गातच नाही, आणि न गाणाऱ्या गळ्याला वळण कसं लागणार?

गैरसमज ३: गाणं मूळ पट्टीतच म्हणायला हवं, नाहीतर ते गाणंच नव्हे.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त फजिती इथंच होते. भजनी मंडळात पेटीवाला आधी विचारतो, ‘कोणती पट्टी?’ गाणारा ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ सांगतो आणि मगच भजन उभं राहतं. कराओकेचा ट्रॅक मात्र काहीच विचारत नाही. तो बहुतेक वेळा मूळ गायकाच्या पट्टीत वाजतो. मोहम्मद रफींचा आवाज तारसप्तकात जिथं सहज फिरे, तिथं आपला मुखड्यापर्यंत टिकलेला गळा अंतऱ्यात चिरकतो आणि सभागृहात हशा पिकतो. बाई आणि पुरुष यांच्या गाण्याच्या पट्ट्यांत अंतर असतं, पण ते पुऱ्या एका सप्तकाचं नसतं. म्हणून लताबाईंचं गाणं पुरुषानं घेतलं तर वरचं सप्तक पोचत नाही आणि खालचं खर्जात बुडतं.

उपाय सोपा आहे. बहुतेक ॲपमध्ये पट्टी चढवा-उतरवायची सोय असते. बटण एकदा दाबणं म्हणजे साधारणपणे पेटीची शेजारची एक पट्टी, काळी धरून. अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ आधी माइकविना म्हणून पाहावी. मानेची शीर फुगली तर दोन-तीन पट्ट्या उतरवाव्यात. मैफलीतला कसलेला गवईही आपल्याच गळ्याची पट्टी घेतो. त्याला कुणी हसत नाही.

गैरसमज ४: रेकॉर्डिंगमधला आवाज माझा खरा वाईट आवाज.

वस्तुस्थिती: बोलता-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्ही वाटांनी ऐकू येतो. हाडांतून आलेला भाग त्याला भारदस्तपणा देतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. इतरांना मात्र तुमचा आवाज जन्मभर तसाच ऐकू येत आला आहे. परका वाटला म्हणून तो वाईट ठरत नाही.

गैरसमज ५: भीती वाटते म्हणजे जमणार नाही, आधी शांत व्हा, नाहीतर दोन घोट घ्या.

वस्तुस्थिती: अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना कराओके गायला लावलं. ‘मी घाबरलोय’ म्हणून गाणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणून गाणाऱ्यांचे सूर-ताल अधिक अचूक निघाले. छातीची धडधड दोन्हीकडं सारखीच. नाव बदललं की तिचं काम बदलतं. दारूनं भीड चेपते खरी, पण घसा कोरडा पडतो आणि ताल सुटतो. मुख्य म्हणजे आपण चुकतोय हे आपल्याला सोडून सगळ्यांना कळतं.

गैरसमज ६: चारचौघांत गाणं ही आपल्या भागाची रीत नाही.

वस्तुस्थिती: वऱ्हाडाइतकं चारचौघांत गाणारे थोडेच सापडतील. गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोता गप्प बसूच शकत नसे. बाबा प्रश्न टाकत आणि गर्दी उत्तर देई. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. खंजिरीवर भजनं म्हणणारे हे महाराज १९५५ साली परिषदेसाठी जपानलाही जाऊन आले. इनोउएंचं यंत्र तिथं तयार व्हायला अजून सोळा वर्षं होती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी अकोल्याच्या राजराजेश्वराला नेणारा कावडधारी कधी सुराची काळजी करतो का?

फरक इतकाच की तिथं आवाज आवाजात मिसळतो आणि कराओकेत एकट्याचा उघडा पडतो. ‘मले नाई येत’ म्हणणारा माणूस हरिपाठाला मागच्या रांगेत खुशाल गात असतो. त्याला माइकसमोर एकटं उभं करून ‘काऊन लाजतं?’ विचारण्यात अर्थ नाही. ध्रुवपदाला चौघांनी त्याच्यासोबत उभं राहावं. आणि ट्रॅक लावण्याआधी पेटीवाल्याचा तो जुना प्रश्न विचारावा: ‘कोणती पट्टी, भाऊ?’